गाडी विजेची, धूर कोराडीचा? हिशेब मांडून बघू

आमच्या मानेवाड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. इलेक्ट्रिक स्कूटर कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुरावरच चालते, नागपूरच्या उन्हात सोलर पॅनेल निकामी होतात, आणि सूर्य मावळला की शेवटी कोळसाच. तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते पटकन पटतं.

आधी स्कूटर. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ४५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला ५१ ग्रॅम. देशाच्या ग्रिडमधली वीज, कोळसा धरून, युनिटमागे साधारण ०.७ किलो सोडते. एका युनिटवर स्कूटर २५ किलोमीटर गेली, तर २८ ग्रॅम. तारांमधली गळती २० टक्के धरली तरी ३५ च. कारण पेट्रोल इंजिनात बहुतेक इंधन नुसत्या उष्णतेत वाया जातं. शिवाय पेट्रोलची गाडी दहा वर्षांनीही ५१ वरच राहणार. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढली, तर विजेची गाडी मात्र जुनी होता होता स्वच्छ होते. मेसेजमध्ये नेमकं हेच सुटलं आहे.

उन्हाचं म्हणाल, तर २५ अंशांच्या वर दर अंशाला पॅनेलची क्षमता साधारण ०.३५ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, तर घट १४ टक्के. बाकीची वीज मिळतेच. घराच्या छतावरच्या ३ किलोवॅटच्या संचातून वर्षाच्या सरासरीने रोज १२ युनिटच्या आसपास निघतात, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे.

रात्रीचा मुद्दा खरा जड. पण रात्रीची सगळी मागणी रात्रीच का असावी? काटोल-कळमेश्वरकडचा शेतकरी साप-विंचवाच्या भीतीत रात्री ओलीत करतो, कारण वीज तेव्हा येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच पंपाला दिवसा वीज देण्याचा आहे; तेवढा भार रात्रीतून उठतो. उरलेल्यासाठी बॅटरी आहेत, घाटघरसारखे पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प आहेत. कोराडी उद्या बंद होणार नाही, हे मलाही मान्य.

म्हणूनच मे २०२३ ची जनसुनावणी मला विसरता येत नाही. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायचा तो प्रस्ताव होता. एकदा उभे राहिले की असे संच २५-३० वर्षं चालतात. मेसेज पाठवणाऱ्या काकांना धुराची काळजी असेल, तर त्यांनी या दोन संचांवरही लिहावं. तो मेसेज मी स्वतः पुढे पाठवेन.