मालकाचं उत्तर : ती द्राक्षं परत आलेली नव्हती

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री पुतणीने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली : "पाटीवर ‘निसर्गपूरक द्राक्षे’ आणि पेटीत प्लास्टिकचे डबे. डब्यांवर परदेशी लेबल, म्हणजे बाहेरून रिजेक्ट होऊन आलेला माल इथे गळ्यात मारतात. आत औषधाची पुडी. घरी पोचेपर्यंत निम्मे मणी मऊ. वर भाव दीडपट." तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. प्लास्टिकचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पाटी आणि पेटी यांचा मेळ बसत नाही, हे आम्हालाही दिसतं.

पण ‘रिजेक्ट’ हा शब्द रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही रविवारी, 9 मार्चला आलात. बिल माझ्यासमोर आहे. आमच्या भागातला द्राक्षाचा कंटेनर न्हावाशेव्याहून निघतो. पूर्वी सुएझमार्गे तीन-साडेतीन आठवड्यांत नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला लागायचा. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, म्हणजे नुसतं जायला पाच आठवडे तरी धरा. जाऊन परत यायचं तर अडीच महिने. 9 मार्चमधून अडीच महिने मागे गेलात की डिसेंबरचा शेवट येतो. आमची गोड्या बहाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची, छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर होते. डिसेंबरअखेर आमच्या बागेत मणी हरभऱ्याएवढा असतो, हिरवा आणि आंबटढाण. तो कोण तोडणार आणि कुणाला पाठवणार?

शिवाय नाकारलेली द्राक्षं परत आणायचं भाडं कोण भरेल? माल तिकडेच पडेल भावात जातो, नाहीतर नष्ट करतात. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरायच्या औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि आपले कंटेनर तिकडे अडकले. त्यात आमच्या वडिलांचाही माल होता. द्राक्षं परत आली नाहीत, पैसेही आले नाहीत. त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढे ढकललं होतं, म्हणून ‘परत आलेला माल’ म्हटलं की आमच्या घरात सगळे गप्प होतात. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, मान्य आहे.

मग डब्यांवर डच लेबल कुठून आलं? 2024 च्या हंगामासाठी आमच्या व्यापाऱ्याने लेबल लावलेले पनेट, म्हणजे ते प्लास्टिकचे छोटे डबे, आगाऊ आणून आमच्या शेडमध्ये ठेवले होते. ऐन हंगामात जहाजाचं भाडं चढलं, त्याने आमच्याकडून ठरलेले दोन कंटेनर उचललेच नाहीत, आणि रिकामे पनेट आमच्याकडे राहिले. भंगारवाल्याला द्यायचे, जाळायचे, की त्यात माल भरायचा? आम्ही माल भरला. लेबल काढून टाकायला हवं होतं, पण ते सुटत नाही, डिंक राहतो आणि धूळ चिकटून आणखी घाण दिसतं. पुतणी दोन दिवस कोमट पाण्यात बुडवून बसली होती. शेवटी मीच म्हटलं, राहू दे.

गंमत अशी, की दहा-दहा पनेटची पेटी भरायला ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्या युरोपनेच आता नियम केलाय : 2030 पासून दीड किलोच्या आतल्या ताज्या फळांना, काही सवलती सोडल्या तर, एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक चालणार नाही. तेव्हा तुमचा आक्षेप काळाच्या पुढे नाही, बरोबर वेळेवर आहे. प्लास्टिक मोजायलाच बसलो तर ठिबकच्या नळ्या आहेत, अवकाळीच्या भीतीने बागेवर घातलेलं आच्छादन आहे. बाग पाहिली असतीत तर तो एक स्टारही गेला असता! पाटी लिहिली ती छाटणीच्या काड्या जाळायच्या सोडून बारीक करून मातीत घालतो म्हणून, आणि फवारणीची वही ठेवतो म्हणून. आमचा प्लॉट ग्रेपनेटला, म्हणजे अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या द्राक्षबागांच्या नोंदणीत, नोंदलेला आहे. तोडणीआधी लॅबची माणसं येऊन नमुना नेतात, रिपोर्ट आल्याशिवाय युरोपसाठी घडाला कात्री लागत नाही. तुम्ही घेतलीत ती त्याच प्लॉटमधली, त्याच रिपोर्टखालची द्राक्षं.

मग ती नाशिकमध्ये का विकतो? युरोपच्या खरेदीदारांना मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा आणि रंग हिरवा लागतो. वेलीवर चार दिवस जास्त राहून मण्यावर पिवळसर झाक आली की घड बाजूला पडतो. खरं तर तोच जास्त गोड. पुतणी तुम्हाला "एक्स्पोर्टच्या बागेतला माल आहे" म्हणाली, त्यातून गैरसमज झाला असावा. तिचं म्हणणं खरं होतं, पण अर्धंच.

पुडीबद्दल. ते कीटकनाशक नाही. त्याला ग्रेप गार्ड म्हणतात, आत सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून हळूहळू गंधकाचा वायू सुटतो आणि बुरशी धरत नाही. बोटीच्या प्रवासाला तो लागतोच. त्र्यंबक रोडवरून घरी न्यायच्या पेटीत त्याचं काम नव्हतं, पेट्या भरणाऱ्या बायकांनी हाताच्या सवयीने घातला. दम्याचा त्रास असणाऱ्याला तो वास सोसत नाही, तेव्हा ही चूक सरळ आमची.

आणि मऊ मणी. बोलू नये, पण बिल सकाळी 11:20 चं आहे, त्यानंतर तुम्ही त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलात आणि संध्याकाळी 6:40 ला तक्रारीचा फोन आला. रविवारची तिथली रांग आम्हाला माहीत आहे. तोवर पेटी डिकीत होती, हे तुम्हीच फोनवर म्हणालात. पॅकहाऊसमध्ये हाच माल शून्य-एक डिग्रीला ठेवतात. मार्चच्या उन्हात बंद डिकीत काय होत असेल, मी सांगत नाही. "डिकीत ठेवू नका" एवढं आम्ही बिल देताना सांगायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

भाव रस्त्यावरच्या हातगाडीपेक्षा जास्त आहे, खरं आहे. ग्लोबल गॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं, सर्टिफिकेट दरवर्षी नवं करावं लागतं, मजुरांसाठी बागेत संडास आणि हात धुवायची सोय ठेवावी लागते, लॅबची फी वेगळी. परदेशी खरेदीदार हे सगळं मागतो, पैसे मात्र बागाईतदाराच्या खिशातून जातात. पेठ-सुरगाण्याकडून घडातले मणी विरळ करायला येणाऱ्या बायकांना सावलीत जेवायला जागा आहे, तीही त्या भावातच आली.

पुठ्ठ्याच्या पेट्यांची चौकशी चालू आहे. लवकरच काहीतरी करू. पुडी आजपासून दुकानातल्या पेटीत जाणार नाही. पाटीचंही बघतो. रिकामे पनेट कुणी परत आणून दिले तर धुऊन पुन्हा वापरू, किलोमागे दहा रुपये कमीही करू.

स्टार बदलाच असं म्हणत नाही, प्लास्टिकबद्दल लिहिलंय ते तसंच राहू द्या. फक्त ‘रिजेक्ट’ तेवढं काढता आलं तर बघा. पुतणी कालपासून गल्ल्यावर बसायला तयार नाही.

आपला,
दुकानाचा मालक
त्र्यंबक रोड, नाशिक