रेरा नंबर आहे, बँक लोन देतेय, तरी वकील हवाच

घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो: "महारेरा नंबर आहे म्हणजे सरकारने प्रोजेक्ट तपासलाय. मोठी बँक लोन देते म्हणजे टायटल क्लिअर. रजिस्ट्रेशन झालं की मालकी पक्की. ओसी मागाहून येतेच. वकिलावर पैसे घालवू नका." (रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, महारेरा म्हणजे त्याखालचं राज्याचं प्राधिकरण, टायटल म्हणजे मालकी हक्क आणि ओसी म्हणजे इमारत राहायला वापरता येते असं सांगणारं महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र.) यातली बरीच वाक्यं अर्धवट खरी आहेत, म्हणूनच लोक त्यांवर विसंबतात.

1. "रेरा नंबर म्हणजे सरकारने तपासलेला प्रोजेक्ट"

रेराकडे नोंदणी होते ती प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, दिलेल्या कागदांवर आणि प्रतिज्ञापत्रावर. कागदच खोटे असले तर काय होतं, ते डोंबिवली परिसरात दिसलं. तिथे 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवले गेले. लोकांनी कर्ज काढून घरं घेतली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या प्रकारानंतर परवानग्यांची पडताळणी कडक झाली आहे. पण परवानगी खरी असणं वेगळं आणि जमिनीचं टायटल निर्वेध असणं वेगळं.

रेराचा खरा फायदा प्रोजेक्टचं पान उघडून वाचणाऱ्यालाच होतो. आधी सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, कितव्या मजल्यापर्यंत आहे ते पाहा. मुंबईत ती टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. सीसी नवव्या मजल्यापर्यंत असेल आणि तुम्हाला चौदाव्यावरचा फ्लॅट विकला जात असेल, तर त्या फ्लॅटला अजून परवानगीच नाही. मग बोजा, म्हणजे मालमत्तेवरचं कर्ज किंवा गहाण, पाहा. जमीन किंवा फ्लॅट वित्तसंस्थेकडे गहाण असतील, तर त्या संस्थेची एनओसी (ना हरकत पत्र) तुमच्या फ्लॅट नंबरासह लेखी घ्या. कोर्टातले दावे, मुदतवाढी, आणि पानावरची पूर्णत्वाची तारीख करारातल्या ताब्याच्या तारखेशी जुळते का, हेही बघा. आकडे जुळत नसतील तर सही करण्याआधी विचारा.

2. "बँकेने लोन दिलं म्हणजे टायटल क्लिअर"

बँकेचा वकील कागद तपासतो, हे खरं. पण तो बँकेसाठी तपासतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, 75 लाखांच्या वर 75 टक्क्यांपर्यंत. म्हणजे किंमत घसरली किंवा घोळ झाला, तर आधी बुडतात ते तुमचे 20-25 टक्के. प्रोजेक्ट रखडला तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. टायटलमधल्या दोषाला बँक जबाबदार नाही, अशा अर्थाचं कलमही कर्जाच्या कागदांत बहुधा सापडेल. बँकेच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट जरूर मागा. मिळाला तर तुमच्या वकिलाचं काम सोपं होईल, पण ते काम टळणार नाही.

3. "रजिस्ट्रेशन झालं की मालकी पक्की"

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता की नाही, याचा निवाडा तो करत नाही. टायटल तपासणं हे दुय्यम निबंधकाचं काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. सदोष टायटलचा दस्त मुद्रांक शुल्क भरून नोंदवला, तरी दोष तसाच राहतो आणि शुल्क मात्र गेलेलं असतं.

4. "ओसी मागाहून येतेच"

हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. 'फिट-आऊटसाठी ताबा' म्हणून किल्ल्या हातात देतात, लोक फर्निचर करून राहायला जातात, आणि भोगवटा प्रमाणपत्र वर्षानुवर्षं येत नाही. त्यामागे ठोस कारण असतं: मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम, अग्निशमन दलाची अंतिम एनओसी न मिळणं, महापालिकेची थकलेली शुल्कं, रस्त्यासाठी सोडायची जागा न सोडणं. यातलं काहीही फ्लॅटधारकाच्या हातात नसतं. त्रास मात्र त्यालाच होतो. नियमित नळजोडणी अडते, टँकरचा खर्च मेंटेनन्सवर येतो, आणि विकायला काढल्यावर घेणाऱ्याची बँक ओसीच मागते.

ओसी आहे असं सांगितलं, तर प्रत हातात घेऊन विंग आणि मजले वाचा. भाग-भोगवटा प्रमाणपत्र 'ए' विंगच्या सातव्या मजल्यापर्यंत असेल, तर आठव्या मजल्यावरच्या घराला त्याचा उपयोग नाही. नंबर आणि तारीख महापालिकेच्या नोंदीशी ताडून पाहा. आणि बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसणाऱ्यावर 1 टक्का), पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर लागत नाही. तयार घर महाग वाटतं तेव्हा हा फरक धरून तुलना करा.

5. "वकिलावर पैसे घालवू नका"

वकील नेमका काय करतो? तो साधारण 30 वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदी शोधतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, त्यामागचे फेरफार, आणि 'इतर हक्क' या रकान्यातली कुळं, बोजे, वारसांच्या नोंदी वाचतो. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी) असेल तर हस्तांतराची परवानगी घेतली होती का, विकसन करारावर आणि कुलमुखत्यारपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हे बघतो. बरेच दावे या सह्यांवरूनच उभे राहतात: एखाद्या बहिणीची सही घेतलेली नसते आणि इमारत उभी राहिल्यावर ती कोर्टात जाते. पुनर्विकासात सोसायटीशी झालेला करार नोंदणीकृत आहे का, आणि तुमचा फ्लॅट विक्रीच्या वाट्यातला आहे की जुन्या सभासदांच्या, हेही त्यालाच कळतं. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुम्हीही पाहू शकता, पण त्याने हे काम पूर्ण होत नाही.

वेळही महत्त्वाची. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याच्या कलम 13 ची मनाई आहे, तरी मागणी होते. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरनुसार 15 दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही. ती मुदत तुमच्या पत्रात लिहिली आहे याची खात्री करा, आणि टोकन द्यायच्या आधीच कागद वकिलाकडे पोचवा. वकील बिल्डरने सुचवलेला नको. बिल्डर टायटलच्या प्रती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर टोकन देऊ नका.