काउआई ओओ ‘हनीईटर’ नव्हता

हवाई बेटांवरच्या काउआई ओओ पक्ष्याच्या शेवटच्या शिळेचं ध्वनिमुद्रण ‘हवाईचा शेवटचा हनीईटर’ म्हणून फिरतं आहे. पक्षी नामशेष झाला हे खरं, १९८७ नंतर त्याची खात्रीशीर नोंद नाही. कूळ मात्र चुकलंय. बाकदार चोच आणि फुलांतला मध टिपणारी कुंचल्यासारखी जीभ पाहून जुन्या अभ्यासकांनी त्याला ऑस्ट्रेलियाकडच्या हनीईटरांत घातलं होतं. २००८ साली संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तर जवळचे नातलग निघाले वॅक्सविंग, म्हणजे मुख्यतः फळं खाणारे छोटे पक्षी! मधावर जगता जगता तशीच चोच, तशीच जीभ इथे स्वतंत्रपणे घडली होती. म्हणून मोहोइडी हे नवं कूळ मांडलं गेलं. ‘मोहो ब्रॅकॅटस’ हे शास्त्रीय नाव तेच राहिलं. हनीईटरांच्या आजही शंभराहून जास्त जाती आहेत. मोहोइडीच्या पाच जातींपैकी एकही उरलेली नाही.