लंडन–न्यूयॉर्क तीन तासांत? तिकीट नीट वाचा

‘लंडनहून सकाळी 11 ला निघालेलं विमान दुपारी 2 ला न्यूयॉर्कला उतरतं, म्हणजे प्रवास तीन तासांचा’ असा मजकूर तिकिटाच्या फोटोसह फिरतोय. फोटो खोटा असेलच असं नाही, हिशेब मात्र चुकलाय. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या साधारण पाच तास मागे. म्हणजे तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे 7 वाजलेले असतात. प्रवास आठ तासांचा, अंतर सुमारे 5,550 किलोमीटर.

परतीला सातेक तास पुरतात, कारण उंचावरचे पश्चिमेकडून येणारे जेट वारे विमानाला मागून ढकलतात. (तिकिटावर मात्र तोच प्रवास बारा तासांचा भासतो!) तीन-साडेतीन तासांत जायचं ते काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान, आणि ते 2003 मध्येच बंद झालं.