‘स्त्री’ तीन अक्षरी कशी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: आमच्या ओपन सोर्स लायब्ररीच्या (म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या) अनुपालन तक्त्यात, म्हणजे कुठले नियम पाळतो ते सांगणाऱ्या यादीत, ‘युनिकोडप्रमाणे अक्षरं तोडणे’ यापुढे ‘होय’ लिहिलंय; युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात कशा मांडायच्या याचं जागतिक मानक. त्यावर विसंबून तुम्ही फॉर्ममध्ये अक्षरमर्यादा घातलीत, आणि ‘स्त्री’ची तीन अक्षरं मोजली गेली. मग असला तक्ता काढून टाका आणि तो वेळ कोडला द्या.

पहिली तक्रार पूर्ण मान्य. तक्ता मीच सांभाळतो, ते ‘होय’ माझं आहे. तुमचे दोन दिवस वाया गेले त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण तक्ता काढायला मी तयार नाही. का, ते तुमच्याच शब्दावरून सांगतो.

‘स्त्री’मध्ये संगणकाला सहा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली सुटी चिन्हं, दिसतात: स, पाय मोडायचं चिन्ह, त, पुन्हा तेच चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी. वाचणाऱ्याला एक अक्षर वाटेल असा तुकडा कुठे तुटतो, हे युनिकोडची पुरवणी क्रमांक 29 ठरवते. 15.0 आवृत्तीपर्यंत तिथे पाय मोडायचं चिन्ह आधीच्या व्यंजनाला चिकटायचं, पुढचं व्यंजन मात्र सुटं राहायचं. म्हणून स्, त्, री असे तीन तुकडे. 2023 च्या सप्टेंबरात 15.1 आलं, त्यात जीबी9सी हा नवा नियम आला आणि देवनागरी जोडाक्षर अखंड राहू लागलं. ‘क्षमा’ तीनावरून दोनावर आली, ‘स्त्री’ एकावर.

आमचा कोड 15.0 चा होता आणि 15.0 ची प्रत्येक चाचणी तो पास होत होता. म्हणजे ‘होय’ खोटं नव्हतं. पण आवृत्तीचा आकडाच नसल्यामुळे तुम्हाला त्याचा अर्थ कळायला काही मार्गच नव्हता. चूक झाली ती इथे.

युनिकोडची चाचणी फाईल एकदा उघडून बघा. प्रत्येक ओळीत कोडपॉइंटांच्या मध्ये ÷ किंवा × असतं. ÷ म्हणजे इथे तोडा, × म्हणजे तोडू नका. 15.1 च्या फाईलमध्ये क, पाय मोडायचं चिन्ह आणि त यांच्यामध्ये दोन्हीकडे × आहे. अदृश्य जोडचिन्ह मध्ये आलं तरीही ×. आपल्याला हे फार महत्त्वाचं, कारण समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दर्‍या’ यांच्यातला फरक संगणकात बहुतेकदा त्याच अदृश्य चिन्हावर टिकून असतो. मराठी, नेपाळी अशा मोजक्या भाषांबाहेर फार थोड्या लोकांना हा अर्धा र माहीत आहे. तो आपणच तपासायला हवा.

आता तक्ता का ठेवायचा. ही पुरवणी अनुपालनाचे दोनच मार्ग देते: नियम जसेच्या तसे पाळा, किंवा बदल केले असतील तर ते जाहीर करून नेमके लिहून द्या. म्हणजे आपण कुठे वेगळे वागतो हे लिहिणं हा अनुपालनाचाच भाग आहे. पोस्टग्रेसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसचे लोक हे काम कसं करतात ते मला फार आवडतं. एसक्यूएल:2023 या डेटाबेसच्या भाषेच्या मानकाच्या गाभ्यातल्या 177 अनिवार्य गोष्टींपैकी ‘किमान 170’ आम्ही पाळतो, असं त्यांचं दस्तऐवजीकरण सांगतं, आणि जे जमत नाही त्याचीही वेगळी यादी देतं. नवीन प्रकल्प हाती घेताना मी ती दुसरी यादी आधी वाचतो. अडायला होतं ते तिथेच.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर तक्ता बदललाय. ‘होय’ एकटं कुठेच नाही; शेजारी युनिकोडची आवृत्ती आणि कुठल्या चाचणी फाईलवर तपासलं ते आहे. ‘भारतीय लिपी’ ही एकच ओळ होती, ती फोडून प्रत्येक लिपीला स्वतंत्र ओळ दिली, कारण 15.1 च्या त्या नियमात देवनागरी, गुजराती, बंगाली आहेत, पण कन्नड आणि तमिळ नाहीत. ‘नाही’चा रकाना सगळ्यात वर घेतला. तिथे सध्या पहिलंच वाक्य आहे: ‘देवनागरी जोडाक्षरं तुटतात, 15.1 चं काम चालू.’

‘स्त्री’ आणि ‘दर्‍या’ हे दोन्ही शब्द आमच्या चाचण्यांत घातलेत, आज दोन्ही नापास होतात. तुमच्या फॉर्ममध्ये आणखी कुठली नावं अडली असतील तर कृपया पाठवा, पुढची आवृत्ती काढण्याआधी तीही घालतो.