'ट्रस रॉड नको, मास्क नको, १८ ने भागा' : त्या गिटार नेकच्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

'अकूस्टिक गिटारचा नेक घरीच बनवा, कंपन्या लपवतात ती ७ गुपितं' असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय (नेक म्हणजे गिटारचा हातात धरायचा लांब दांडा). दोन-तीन ग्रुपवर आला तेव्हा मी वाचून सोडून दिला, कारण नेटवर गिटारवाल्यांचे असले वाद रोजचेच. पण परवा तोच मेसेज माझ्या भाच्याने पाठवला, वर "मामा, ट्रस रॉड नाही टाकला तरी चालतो म्हणे, आणि मास्कची पण गरज नाही, मी चालू केलंय" असं लिहून, आणि सोबत फोटो (ट्रस रॉड म्हणजे तारांच्या ओढीने नेक वाकू नये म्हणून त्याच्या आत घालतात ती धातूची दांडी). दारं-खिडक्या बंद, टेबल फॅन फुल स्पीडवर, भाचा रोझवूडचा फ्रेटबोर्ड (नेकवरची पट्टी, जिच्यात फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवतात) सँडपेपरने घासतोय आणि दोन्ही मनगटांवर लाल चट्टे. त्याला फोनवर जे बोलायचं ते बोललो. इथे बाकीच्यांसाठी लिहितोय.

सगळ्यात आधी गुपित क्रमांक ५, कारण बाकीच्या चुकांनी फार तर लाकूड वाया जाईल. मेसेज म्हणतो: "लाकडाची धूळ नैसर्गिक असते, केमिकल नाही, त्यामुळे मास्क लागत नाही. पंखा लावला की उडून जाते."

नैसर्गिक! अरे तंबाखूपण झाडालाच येते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी. तिने १९९५ मध्ये, आपल्या ६२व्या खंडात, लाकडाची धूळ गट १ मध्ये टाकली. गट १ म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असे पदार्थ, तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. २०१२ मध्ये पुन्हा सगळा पुरावा तपासला आणि गट तोच ठेवला. नाकाच्या आतला आणि आजूबाजूच्या सायनसच्या पोकळ्यांमधला कॅन्सर, हा त्यातला मुख्य. आता कोणीतरी लगेच म्हणेल की ते फर्निचरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांचं आहे, एक नेक बनवणाऱ्याचं नाही. बरोबर आहे, आणि गट १ हा पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, हेही खरं. एका नेकने कोणाला कॅन्सर होईल असं मी म्हणत नाहीये. पण "काहीच होत नाही" हे त्या मेसेजचं म्हणणं आहे, आणि एक नेक बनवून थांबलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

आणि अ‍ॅलर्जीला वर्षानुवर्षं लागत नाहीत. रोझवूड, कोकोबोलो ही सगळी डालबर्जिया वंशातली लाकडं, त्यांच्यात डालबर्जिओन नावाची रसायनं असतात (नैसर्गिकच बरं का) आणि ती त्वचेला अ‍ॅलर्जी आणणारी म्हणून नीट माहीत असलेली आहेत. एकदा शरीराने ती ओळखून ठेवली की पुढच्या वेळी थोड्याशा धुळीनेही चट्टे उठतात. काही गिटार बनवणाऱ्यांना यापायी रोझवूड कायमचं सोडावं लागलंय. भाच्याचे चट्टे त्यामुळेच आहेत का ते डॉक्टर सांगतील, पण पंखा लावून ती धूळ स्वतःच्याच अंगावर आणि नाकात घ्यायची ही आयडिया कोणाच्या डोक्यातून आली असेल? जाड भुसा लगेच खाली पडतो. डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ हवेत बराच वेळ तरंगत राहते आणि बंद खोलीतला पंखा तिला खाली बसूच देत नाही. पंखा लावायचाच तर खिडकीत, बाहेर तोंड करून.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. मेसेजमध्ये पुढे म्हटलंय की हाताने काम केलं तर मशीनपेक्षा धूळ कमी होते. ते खरं आहे. रंधा, स्पोकशेव्ह (दोन्ही हातांनी धरायचा छोटा रंधा), स्क्रॅपर (लाकूड खरवडायचं पातं) यांनी छिलके निघतात, धूळ नाही, आणि नेकचा मागचा गोल आकार बहुतेक त्यांच्यावरच करता येतो. पण फ्रेटबोर्डला वरून जो हलका गोलावा द्यायचा असतो तो बहुतेक जण तेवढ्याच गोलाव्याच्या (रेडियसच्या) ठोकळ्याला सँडपेपर चिकटवूनच देतात, आणि तिथे सगळी धूळच धूळ. तेव्हा एन ९५ मास्क, चेहऱ्याला नीट चिकटून बसणारा (कापडी नाही, सर्जिकल नाही, त्यांच्या बाजूने हवा आत जाते), काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसणं, झाडू मारायचा नाही, आणि त्याच कपड्यांत गादीवर जाऊन लोळायचं नाही. एवढंच करायचंय.

आता गुपित १, ट्रस रॉड. "ट्रस रॉड हा कंपन्यांचा धंदा आहे, जुन्या गिटारींना नव्हता, त्या १०० वर्षं सरळ आहेत."

अर्धं खरं, आणि त्या अर्ध्यानेच घात होतो. क्लासिकल गिटारला परंपरेने ट्रस रॉड नसतो, टोरेस या स्पॅनिश कारागिराच्या १९व्या शतकातल्या गिटारींनाही नव्हता. पण त्या तातीच्या म्हणजे आतड्याच्या तारांच्या! आज क्लासिकलला लावतात त्या नायलॉनच्या तारांच्या सेटचा एकूण ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो. स्टीलच्या लाइट सेटचा ७० किलोच्या वर. जवळजवळ दुप्पट ओढ, तीही क्लासिकलपेक्षा सडपातळ नेकवर. म्हणून तर गिब्सन या गिटार कंपनीच्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ मध्ये अ‍ॅडजस्ट होणाऱ्या रॉडचं पेटंट मिळालं. मेसेजमध्ये मार्टिन या गिटार कंपनीचं उदाहरण दिलंय, की त्यांनी १९८५ पर्यंत ट्रस रॉड घातलाच नाही. अ‍ॅडजस्ट होणारा नाही घातला! आत आबनुसाची पट्टी होती, १९३४ पासून स्टीलची टी आकाराची पट्टी, नंतर चौकोनी नळी. रिकामी खाच बुजवून वर फ्रेटबोर्ड चिकटवलेला नव्हता. घरी बनवताना तर रॉड जास्तच हवा, कारण आपलं लाकूड किती वाकेल ते आपल्याला तारा चढवल्यावरच कळणार. पहिला फ्रेट आणि बॉडीला नेक जोडतो तिथला फ्रेट दाबून सातव्यावर तारेखाली अंदाजे ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट राहायला हवी, ती फट जमवायला रॉड असतो. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी करायला नाही, ते काम नट (नेकच्या टोकाकडची, तारा टेकतात ती पट्टी), सॅडल (बॉडीवरची तशीच पट्टी) आणि नेकच्या कोनाचं.

याच्याशीच जोडलेलं गुपित ४, "हाताला बरं वाटेल तितकं मागून कोरत जा". कोरा, पण आधी बेरीज करा. पहिल्या फ्रेटपाशी एकूण जाडी धरा २१ मिमी, त्यात फ्रेटबोर्ड ६, रॉडची खाच १०. उरलं ५. हाताला बरं वाटता वाटता पटाशी थेट रॉडवर जाऊन खणकन वाजते. खाच करायच्या आधीच नेक बाजूने दिसेल अशा कागदावरच्या चित्रावर ही मापं काढून ठेवायची.

गुपित ३ मात्र मला सगळ्यात विनोदी वाटलं. "फ्रेटची जागा काढायला कॅल्क्युलेटर नको, उरलेली लांबी दर वेळी १८ ने भागा, आधीच्या फ्रेटपासून तेवढं मोजा." हा १८ चा नियम खरा आहे, जुना आहे, गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) वाजवायचे, त्यांनी १६व्या शतकात १८:१७ हे गुणोत्तर सुचवलं होतं. ल्यूटवर ते चालून जायचं, कारण फ्रेटवर दाबलं की तार ताणली जाऊन सूर थोडा चढतो आणि नियमातली कमी भरून निघते. पण आज आपण ती भरपाई सॅडल मागे सरकवून करतो, म्हणून भागायचं १७.८१७ ने. ६५० मिमी स्केलवर (नटपासून सॅडलपर्यंतच्या लांबीवर) करून बघा. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२५ वर यायला हवा, १८ ने भागलं तर येतो ३२२.६ वर. म्हणजे वरचा सा साधारण १२ सेंट उतरलेला (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता बोटाचा स्पर्श करून निघणारा सूर) वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा, कानाला लगेच कळेल. आणि आधीच्या फ्रेटपासून मोजायचं हे तर मुळीच नको, प्रत्येक खुणेची बारीकशी चूक पुढच्यात मिसळत जाते. सगळी मापं नटपासून घ्यायची.

मेसेजमधलं बाकीचं भराभर. "ताजं लाकूड ओव्हनमध्ये दोन तास ठेवा": बाहेरून सुकेल, आत ओलं राहील, मग चिरेल नाहीतर पिळेल. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत लाकूड सावकाश साधारण ९ टक्के ओलाव्यावर येऊन स्थिरावतं, ताज्या लाकडात ३० च्या वरच असतो. भट्टीत सुकवतात हे खरं, पण ते हळूहळू आणि नियंत्रणात. उघड्यावर सुकवणारे इंचाला एक वर्ष धरतात. कापलेला तुकडाही चार-सहा दिवस तसाच ठेवायचा, पिळायचा असेल तर तेव्हाच पिळू दे.

"हेडस्टॉकला जोड दिला की नेक कमजोर": उलट. हेडस्टॉक, म्हणजे ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) असतात तो नेकच्या टोकाचा भाग, तिरका असतो, एका तुकड्यातून कापला तर तिथे ग्रेन (लाकडाचे धागे) आडवा तुटतो आणि गिटार पडली की नेमका तिथेच मोडतो. स्कार्फ जॉइंटमध्ये (तिरका काप देऊन हेडस्टॉक चिकटवतात तो जोड) ग्रेन हेडस्टॉकच्या दिशेनेच जातो. नीट चिकटवला तर जोडाशेजारचं लाकूड आधी जाईल.

"बॉडीला इपॉक्सीने चिकटवा, जन्मभर हलणार नाही": हेच तर नको. तारांच्या ताणाने स्टीलच्या तारांच्या गिटारीच्या नेकचा कोन काही वर्षांनी बदलतो, नेक काढून परत बसवावा लागतो. वाफेने, उष्णतेने सुटेल असा गोंद घ्या, नाहीतर सरळ बोल्ट लावा, चांगल्या चांगल्या गिटारींना बोल्टच असतात.

गुपित ७, "हेडस्टॉकला भोकं पाडायच्या आधी ट्यूनर हातात घेऊन माप घ्या". हे बरोबर आहे. हे तेवढं पाळा.