कंपाऊंडच्या भिंतीआड मी कधीच नव्हतो

सौदी अरेबियावरच्या माझ्या मागच्या लेखावर 'एक वाचक' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. बायकांच्या हाती आलेलं स्टिअरिंग, पुन्हा उघडलेली सिनेमागृहं, मुतव्वांची, म्हणजे धार्मिक पोलिसांची, ओसरलेली दहशत, या सगळ्याच्या मुळाशी 2014 मध्ये कोसळलेला तेलाचा भाव आहे, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. त्यावर हे गृहस्थ लिहितात: "सगळं तेलावर ढकलणं हा आळस आहे. 1986 आणि 1998 मध्येही भाव पडले होते, तेव्हा का नाही झाले बदल? तिथल्या स्त्रियांच्या लढ्याचा उल्लेखही नाही. व्हॅटचा आकडा चुकलाय. कंपाऊंडच्या भिंतीआड बसून पगार मोजणाऱ्याला याहून जास्त काय दिसणार?"

व्हॅटचं तुमचं बरोबर आहे. जानेवारी 2018 मध्ये तो 5 टक्क्यांनी सुरू झाला आणि जुलै 2020 मध्ये 15 टक्के झाला. मी थेट 15 लिहिलं होतं, ते चुकलं. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. मतभेद मला चालतात, पण हे वाक्य मतभेदाचं नाही. माणूस कुठे राहत होता हे न विचारता त्याला भिंतीआड बसवायचं आणि वर त्याचं सगळं म्हणणं निकालात काढायचं, ही चर्चेची रीत नव्हे.

तर ऐका. 1997 मध्ये मी दम्मामला उतरलो तो एका ठेकेदार कंपनीचा हिशेबनीस म्हणून. कंपाऊंड, म्हणजे पोहण्याचा तलाव आणि गेटवर पहारा असलेल्या वसाहती, त्या गोऱ्या साहेबांसाठी होत्या. आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. खिडकीतला एकच एसी, तोही ऑगस्टच्या दमट रात्रीत धापा टाकायचा. स्वयंपाकाच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या. शुक्रवारी कोणीतरी कतीफच्या मासळी बाजारातून मासे आणायचा आणि आठवड्यातून तेवढा एक दिवस घरच्यासारखं जेवण व्हायचं. नमाजाच्या वेळी बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर अर्ध्यावर यायचं आणि आम्ही पावाच्या पिशव्या हातात घेऊन फुटपाथवर उभे राहायचो. मुतव्वाची गाडी दिसली की सोबतचा मुसलमान असो की हिंदू, सगळ्यांची पावलं आपोआप भराभर पडायची. 2004 मध्ये बायको आली, खोबरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तोही साध्या चाळवजा इमारतीत, खाली लाँड्री, शेजारी एक सुदानी कुटुंब, वर येमेनी. भिंती होत्या, पण त्यातून शेजारच्यांची भांडणं ऐकू येत होती!

आणि हो, मी पगार मोजत होतो. तेच माझं काम होतं. म्हणूनच मला जे दिसलं ते घरबसल्या बातम्या वाचणाऱ्याला दिसणार नाही. 2014 च्या मध्याला तेल शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी 2016 मध्ये ते तिसाच्याही खाली गेलं. हे आकडे कोणीही वाचू शकतो. माझ्या टेबलावर ते वेगळ्या रूपात आले. 2015 च्या अखेरीस सरकारी कामांची बिलं अडकायला लागली. ज्या फाइलवर शिक्का बसून पंचेचाळीस दिवसांत पैसे यायचे ती चार-चार महिने परत येईना. मग आमचेच पगार थांबले. जुबैलच्या कँपवरची पोरं रोज संध्याकाळी ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि त्यांना "उद्या" सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. त्याच 2016 च्या जुलैअखेर परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दहा हजारांवर भारतीय कामगार उपाशी असल्याचं जाहीर केलं आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला धावले. ती बातमी तुम्ही वाचली असेल, नसेल. आम्ही ती जगत होतो.

तिथल्या राज्याचा आणि प्रजेचा जुना व्यवहार सरळ होता. राज्य कर मागणार नाही, नोकरी देईल, पेट्रोल पाण्याच्या भावात देईल. प्रजेने कारभारात तोंड घालायचं नाही. तिजोरी आटली तेव्हा हा व्यवहार मोडायला लागला. 45 हलाला (शंभर हलालांचा एक रियाल) लिटरचं पेट्रोल 2015 सरता सरता 75 हलाला झालं आणि जानेवारी 2018 मध्ये 1.37 रियाल. एप्रिल 2016 मध्ये मुतव्वांचा अटकेचा अधिकार काढला, त्याच महिन्यात 'व्हिजन 2030', म्हणजे तेलावरचं अवलंबित्व कमी करण्याचा सरकारी आराखडा, जाहीर झाला. सप्टेंबर 2016 मध्ये सरकारी नोकरांचे भत्ते कापले. लोक इतके कुरकुरले की एप्रिल 2017 मध्ये परत द्यावे लागले. सप्टेंबर 2017 मध्ये बायकांच्या ड्रायव्हिंगचा हुकूम निघाला, तो 24 जून 2018 ला अमलात आला. हा क्रम निव्वळ योगायोग आहे असं तुम्हाला म्हणायचंय का?

आमच्या बिल्डिंगमध्ये खेड तालुक्यातले एक हाउस ड्रायव्हर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एकाच सौदी कुटुंबाकडे अठरा वर्षं गाडी चालवली. कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते होते तो मालक, सरकारी खात्यात होता, मुलगी हॉस्पिटलात नोकरीला. भत्ते कापले गेले तेव्हाच घरात चाचांच्या पगाराचा हिशेब सुरू झाला होता, असं तेच सांगायचे. 2018 च्या हिवाळ्यात त्या मुलीला लायसन्स मिळालं. घरामागच्या रेताड प्लॉटवर दोन रिकामे डबे ठेवून चाचांनीच तिला रिव्हर्स शिकवला. ती चांगली चालवायला लागली आणि दोन महिन्यांनी चाचांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का, लागलं. जाताना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, एकदा पण डबा पाडला नाही." मुलीचं स्वातंत्र्य खरं होतं. पण ते त्या घरात कुठल्या दारातून आलं, ते मी पाहिलंय.

माझ्या घरातही तेच दार उघडलं, उलट्या दिशेने. जुलै 2017 पासून परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या माणसामागे महिना 100 रियाल फी लागली, दरवर्षी 100 ने वाढून 2020 मध्ये 400 होणार होती. बायको आणि दोन मुलं, म्हणजे शेवटी वर्षाला 14,400 रियाल. मार्च 2018 मध्ये मुलांची परीक्षा झाली आणि तिघांना मी दम्मामच्या विमानतळावर सोडून आलो. त्या रात्री रिकाम्या फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाला तुम्ही "तेलावर ढकलू नका" म्हणून शिकवताय?

राहिले दोन मुद्दे. स्त्रियांचा लढा मला ठाऊक नाही असं समजू नका. 6 नोव्हेंबर 1990 ला रियाधमध्ये 47 बायकांनी गाड्या चालवल्या, नोकऱ्या आणि पासपोर्ट गमावले. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे. पण हुकूम निघायला 27 वर्षं लागली, आणि तो अमलात येण्याच्या महिनाभर आधी, मे 2018 मध्ये, लुजैन अल-हथलूलसह ज्यांनी हा हक्क मागितला त्यांनाच अटक झाली. मागणारीला तुरुंगात टाकून दिलेला हक्क लढ्याने मिळाला असं मी कसं लिहू? माझा लेख राज्याच्या तिजोरीवर होता, प्रत्येक लेखात सगळं यावं ही अपेक्षा रास्त नाही.

1986 चं म्हणाल तर तेव्हा साठवलेल्या पैशावर आणि पुढे कर्जावर निभावलं. 1992 च्या जनगणनेत माणसं पावणेदोन कोटींच्या आत होती, 2022 मध्ये 3 कोटी 22 लाख. पोसायची तोंडंच वेगळी. शिवाय 1979 मध्ये मक्केच्या मशिदीवर हत्यारबंद टोळीने कब्जा केल्यानंतर राजघराणं मौलवींना दुखवायला तयार नव्हतं. यावर आणखी वाद घालण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. व्हॅटची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. पुन्हा लिहाल तर तुमच्या नावाने लिहा, आणि तुम्ही स्वतः तिथे कुठे, किती वर्षं होतात तेही सांगा.